थांबलेला धागा आणि वाढणारी रांग



निकालाच्या दिवशी हजारो विद्यार्थी एकाच वेळी आपला बैठक क्रमांक संगणकावर टाकतात आणि पडद्यावरचे चक्र फिरत राहते. सर्व्हरची शक्ती अपुरी पडली, असा निष्कर्ष मग सहज काढला जातो. पुष्कळदा खरे कारण निराळे असते. सर्व्हर कामात बुडालेला नसतो. तो वाट पाहत असतो.

प्रत्येक विनंतीसाठी एक थ्रेड, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारा कामाचा एक धागा, नेमण्याची पद्धत जुनी व सुबोध आहे. हा धागा डेटाबेसकडे गुण मागतो आणि उत्तर येईपर्यंत तिष्ठत राहतो. टॉमकॅट या सर्व्हरच्या मूळ मांडणीत असे जास्तीत जास्त २०० धागे असतात. डेटाबेसचे उत्तर अर्ध्या सेकंदात आले, तर सेकंदाला ४०० विद्यार्थ्यांना गुण दिसतील. त्यालाच ५ सेकंद लागले, तर केवळ ४० जणांना. प्रोसेसर मात्र दोन्ही वेळी बराचसा रिकामाच.

मग धागे वाढवावेत काय? प्रत्येक धाग्याला स्मृती लागते, आणि एका धाग्यावरून दुसऱ्याकडे वळण्यात प्रोसेसरचा वेळ खर्ची पडतो. एका सर्व्हरने १०,००० जोडण्या कशा सांभाळाव्यात, हा प्रश्न डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये मांडला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एन्जिनएक्सने मोजक्या प्रक्रियांच्या बळावर हजारो जोडण्यांवर लक्ष ठेवून दाखवले. २०२३ मध्ये आलेल्या जावा २१ ने हलके, आभासी धागे दिले : उत्तरासाठी थांबलेला आभासी धागा बाजूला होतो आणि त्याखालचा खरा धागा दुसऱ्या विनंतीच्या कामी येतो.

तथापि, वाट पाहणे स्वस्त झाले म्हणून डेटाबेस वेगवान होत नाही. एकाच वेळी किती प्रश्न त्याच्यापुढे जावेत, याला मर्यादा घालावीच लागते. अन्यथा रांग केवळ एका दारातून दुसऱ्या दारी जाते.

दुसरी जबाबदारी सामायिक नोंदीची. दोन धाग्यांनी एकाच क्षणी ‘एक जागा शिल्लक’ असे वाचले, तर एकाच जागेवर दोघांना प्रवेश मिळतो. तेथे नोंद वाचणे आणि बदलणे ही एकच अखंड क्रिया असावी लागते.

निकालाची वाट पाहणाऱ्या मुलीला धाग्यांची संख्या दिसत नाही; तिला विलंब तेवढा जाणवतो. म्हणून धागे वाढवण्यापूर्वी प्रोग्राम लिहिणाऱ्याने एकच प्रश्न विचारावा : आहेत ते धागे नेमके कशासाठी थांबले आहेत?