बंद दारातला बंधुभाव आणि दाराबाहेरची कसोटी

(वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मुंबईच्या फोर्ट भागात फ्रीमेसन्स हॉल ही फ्रीमेसन या बंधुमंडळाची जुनी इमारत आहे. त्यांच्या शाखेला लॉज म्हणतात. अशा इमारतींना आपल्याकडे लोक 'जादूघर' म्हणत. आत काय चालतं ते कळत नसे, म्हणून मनात भय असे आणि कुतूहलही. स्वतःला घडवण्यासाठी आणि समाजाच्या उपयोगी पडण्यासाठी माणसानं अशा एखाद्या लॉजमध्ये, बंधुमंडळात जावं का, हा आजचा विषय आहे. माझं उत्तर 'जरूर जावं' असं आहे. मात्र त्या मंडळाचं मोल कशावरून ठरवायचं, हे आधी पाहायला हवं.

फ्रीमेसनांचं पहिलं ग्रँड लॉज, म्हणजे लॉजांची मध्यवर्ती संस्था, लंडनमध्ये २४ जून १७१७ रोजी स्थापन झालं. पाथरवट आणि गवंडी यांची हत्यारं त्यांनी नीतीची चिन्हं म्हणून घेतली. गुण्या सांगतो की वागणं काटकोनात असावं. पाणसळ सांगते की सगळे एका पातळीवर आहेत. ओळंबा सरळपणा शिकवतो. नव्या सभासदाला २४ इंची पट्टी दाखवतात. ती दिवसाच्या २४ तासांची खूण आहे: काही तास प्रार्थनेचे, काही कामधंद्याचे, काही अडलेल्या बांधवाच्या मदतीचे. दुसऱ्यासाठी द्यायचा वेळ उरलासुरला नसतो. तो पट्टीवर आधीच आखलेला असतो, आणि मला ही शिकवण फार मोलाची वाटते.

लॉजची रीतही माणसाला वळण लावणारी आहे. प्रवेशासाठी अर्ज स्वतः करावा लागतो. एक सभासद नाव सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो आणि मग गुप्त मतदान होतं. पुढे तीन पायऱ्या असतात: शिकाऊ, कारागीर, उस्ताद. विधीतले लांबलचक उतारे पाठ करून सर्वांसमोर म्हणायचे असतात, त्यामुळे बुजऱ्या माणसालाही सभेत उभं राहण्याचा सराव होतो. लॉजचा प्रमुख साधारणपणे एका वर्षासाठी असतो आणि मुदत संपली की खुर्ची सोडून बाकावर येऊन बसतो. राजकारण आणि धर्म यांवरचा वाद सभेत वर्ज्य असतो. अडचणीतल्या सभासदांची, त्यांच्या विधवांची आणि मुलांची चौकशी करण्यासाठी एक पदाधिकारी खास नेमलेला असतो. आपल्या सार्वजनिक संस्थांचे अध्यक्ष खुर्ची सोडायला किती नाखूश असतात ते आपण सारे पाहतो. दरवर्षी खुर्ची सोडण्याचा हा रिवाज त्यांनीही उचलावा, असं मला मनापासून वाटतं.

आता मुंबईची हकिगत सांगतो. ही पद्धत कितीही उत्तम असली, तरी दारात कोणाला थांबवलं जातं हा प्रश्न मुंबईत फार लवकर उभा राहिला. माणेकजी करसेटजी हे पारशी समाजातले सुधारक फ्रीमेसन होऊ इच्छित होते. मुंबईतल्या युरोपियनांच्या लॉजनं त्यांना नाकारलं. माणेकजींनी नाद सोडला नाही. ते युरोपला गेले आणि पॅरिसच्या एका लॉजमध्ये त्यांनी दीक्षा घेतली. मुंबईत जे दार बंद होतं, ते पॅरिसमध्ये उघडलं.

त्यांना मुंबईत साथ मिळाली ती डॉ. जेम्स बर्न्स या स्कॉटिश माणसाची. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतले हे डॉक्टर पूर्वी कच्छमध्ये भुजला होते. १८४१ मध्ये काबूलच्या उठावात त्यांचे दोन भाऊ, अलेक्झांडर आणि चार्ल्स, मारले गेले. पूर्वेच्या माणसांविषयी कायमची कटुता धरायला एवढं कारण पुरेसं होतं. पण पुढच्या दोनच वर्षांत, डिसेंबर १८४३ मध्ये, याच बर्न्सनी मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज उभं केलं, तेही हिंदी लोकांना प्रवेश मिळावा म्हणून. बंधुभावाची शपथ घेणं सोपं असतं. ती पाळणं कसं असतं ते बर्न्सनी दाखवलं.

माणेकजीही तिथेच थांबले नाहीत. १८६३ मध्ये त्यांनी मुंबईत मुलींसाठी अलेक्झांड्रा इंग्लिश इन्स्टिट्यूशन सुरू केली. ज्याला दारात अडवलं गेलं होतं, त्यानं दुसऱ्यांसाठी दार उघडलं. लॉजनं माणूस घडतो याचं याहून चांगलं प्रमाण मला ठाऊक नाही.

याच मुंबईत १८४९ च्या सुमारास आपल्या मराठी माणसांनीही एक गुप्त मंडळ स्थापन केलं: सुधारक दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांची, जातिभेद मोडू पाहणारी परमहंस सभा. तिचा लॉजशी संबंध होता असं मी म्हणत नाही. काळ आणि शहर एक होतं, इतकंच. तिथे प्रवेश घेणाऱ्याला ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. त्या काळी याची किंमत वाळीत पडणं ही होती. लॉजमध्ये मात्र जेवणाची ही रेघ कायम होती. इंग्रज कवी रडयार्ड किपलिंग १८८६ मध्ये लाहोरच्या लॉजमध्ये फ्रीमेसन झाले. त्यांच्या 'द मदर लॉज' या कवितेतले बांधव विधीत एकमेकांना भाऊ मानतात, पण जातीच्या बंधनामुळे एकत्र जेवत नाहीत. परमहंसांनी नेमकी हीच रेघ ओलांडली.

पण त्यांनी ती बंद दाराआड ओलांडली. १८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रं चोरीला गेली. आपली नावं जगजाहीर होणार या भीतीनं सभा विस्कटली. मी त्या माणसांना भित्रे म्हणणार नाही, कारण त्यांच्या जागी आपण काय केलं असतं हे सांगणं कठीण आहे. त्यातून धडा मात्र स्पष्ट मिळतो. कोवळ्या विचाराला आडोसा हवा असतो, पण आडोशातच राहिला तर तो खुरटतो. १८६७ मध्ये दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकारानं प्रार्थना समाज स्थापन झाला, आणि तो उघडपणे.

बंधुभावाची एक मर्यादा तर आजही शिल्लक आहे. ग्रँड लॉज ऑफ इंडिया १९६१ मध्ये स्थापन झालं. त्याच्या लॉजमध्ये निरनिराळ्या धर्मांचे ग्रंथ एकत्र ठेवले जातात, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण त्याचे सभासद पुरुषच असतात. अ‍ॅनी बेझंट यांनी १९०२ मध्ये स्त्री-पुरुषांच्या संमिश्र फ्रीमेसनरीत प्रवेश घेतला आणि तिचा प्रसार केला. लॉजबाहेरही तेच झालं. रोटरी या सेवासंस्थेचं जाळं १९०५ मध्ये शिकागोहून सुरू झालं. तिथे स्त्रियांना दार उघडलं ते १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आल्यावर. माणुसकीचं काम करणाऱ्या संस्थेला ही गोष्ट न्यायालयाकडून ऐकावी लागली, याचं मला दुःख वाटतं.

तरुण मित्रांनो, म्हणून तुमच्या गावातल्या लॉजमध्ये, क्लबात, मंडळात जाताना चार गोष्टी विचारा. इथे पदं दरवर्षी बदलतात का? आजारी सभासदाच्या घरी कोण जातं? गोळा झालेल्या पैशाचा हिशेब सर्वांना दिसतो का? आणि आत कोण येऊ शकत नाही, ते का? पहिल्या तिन्हींची उत्तरं चांगली असतील तर नाव घाला, वर्गणी द्या, खुर्च्या मांडण्यापासून सुरुवात करा. व्यवसायाच्या ओळखी वाढवायला मात्र जाऊ नका. चौथ्या प्रश्नाचं उत्तर समाधानकारक नसेल तर ते बदलण्यासाठी आत राहून बोला, आणि कोणी ऐकलं नाही तर माणेकजींसारखं दुसरं दार शोधा, नाहीतर स्वतः बांधा.

एकट्यानं चांगलं होण्याचा प्रयत्न फार दिवस टिकत नाही. आपल्या उणिवा दाखवणारी, चुकलं तर हात धरणारी आणि ठरल्या वेळी आपली वाट पाहणारी दहा माणसं लागतात. ती मिळवा. आणि त्यांच्यात जे शिकाल ते पहिल्यांदा त्याच्याशी वापरून पाहा, ज्याला तुमच्या मंडळात अजून जागा नाही.