टिनाचं शेड, हिवाळा आणि शेगडी

आजचा विषय थंडीचा. तुम्ही म्हणाल, वऱ्हाडात काहून थंडी? मे महिन्यातला आमचा उकाडा सगळ्यांना माहीत आहे. पण वरूड सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री हात गारठतात, आणि माझं वर्कशॉप म्हणजे घरामागचं १० बाय १२ फुटांचं टिनाचं शेड. नोकरी आटोपली की रात्री तिथे ठिबकचे कंट्रोलर बनवत बसतो.

मागच्या हिवाळ्यात बाबा म्हणाले, "काहून कुडकुडत बसला बे? शेगडी घेऊन जाय ना." घेऊन गेलो. संत्र्याच्या लाकडाचे लालबुंद निखारे. वारा येतो म्हणून शटर खाली ओढलं. तासाभरात डोकं जड झालं, मळमळायला लागलं. वाटलं, जागरणानं होत असेल. आई चहा घेऊन आली, तिनं शटर उघडलं, आणि बाहेर आल्यावर पाय लटपटले तेव्हा कळलं.

निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असं अजिबात नाही. बंद जागेत शेगडी नाही म्हणजे नाही. आजीलाही हेच सांगा.

मग हीटर? २००० वॅटचा हीटर रोज ४ तास म्हणजे ८ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर महिन्याला २४०० रुपये! आणि उष्णता राहते कुठे? आत-बाहेर १० अंशांचा फरक ठेवायचा तर नुसत्या छपरातूनच साधारण ७५० वॅट निघून जातात. निरभ्र रात्री टिन आकाशाकडे उष्णता फेकतं आणि हवेपेक्षाही गार होतं. पहाटे आतून थेंब टपकतात ते त्यामुळेच.

म्हणून आधी छप्पर. खालून इंचभर थर्मोकोल लावला की तीच गळती १५० वॅटच्या आत येते. पण थर्मोकोल भुरकन पेटतो, म्हणून मी त्याखाली प्लायवूड ठोकलं, आणि ग्राइंडर अंगणातच चालवतो. शटरच्या फटीत जुनी पोती कोंबली. (हाच थर्मोकोल मे महिन्यातही कामी येतो, हे बोनस.)

तरी एक अडचण राहिली, इपॉक्सीची. सर्किटवर ओतलेलं इपॉक्सी थंडीत सेटच होत नाही. तापमान १० अंश उतरलं की वेळ जवळपास दुप्पट. त्यासाठी अख्खं शेड कशाला तापवायचं? जुना आइसबॉक्स घेतला, आत ४० वॅटचा पिवळा बल्ब, भिंतींना न टेकता, आणि स्वस्तातला थर्मोस्टॅट ३० अंशांवर. कोंबडीची पिल्लं उबवतात तसंच. बोर्ड सकाळपर्यंत कडक.

आणि मी? स्वेटर, मफलर, पायाखाली गोणपाट. बाबा रात्री डोकावले, बॉक्समध्ये हात घालून पाहिला. म्हणाले, "तुयापेक्षा तर त्या डब्याची मजा हाये."

पुढच्या भागात त्याच कंट्रोलरचं सांगतो. भेटू.