दोन मंडया आणि एक राहून गेलेली सहल
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, 'तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर दहा मिनिटं बोल.' मी हो म्हटलं खरं, पण आज मी मुंबई बघायला गेले होते त्याबद्दल बोलणार आहे. 'पुण्याच्या माणसाने मुंबई बघायला जायचं म्हणजे काय?' असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. नोकरीला लागल्यापासून मी मुंबईला किती वेळा गेले याचा हिशेब नाही. व्हिसासाठी गेले, क्लायंटच्या मीटिंगला गेले, विमानतळावर तर मध्यरात्री कितीदा तरी गेले. पण मुंबई पाहिली ती एकदाच, डिसेंबर 1995 मध्ये, आपल्या नववीच्या सहलीत.

आठवतेय ना ती सहल? पहाटे चारला शाळेच्या फाटकाशी दोन एसट्या. एक्स्प्रेस वे तेव्हा नव्हता, त्यामुळे खंडाळ्याच्या घाटात कोणाकोणाला काय काय झालं ते मी इथे सांगत नाही, त्यातले दोघे आज पहिल्या रांगेत बसलेत. राणीची बाग, तारापोरवाला मत्स्यालय, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट आणि शेवटी गेटवे. स्टेशनला आपण तेव्हा व्हीटी म्हणायचो. पुढच्याच मार्चमध्ये त्याचं नाव बदललं.

त्या सहलीची वर्गणी एकशे साठ रुपये होती आणि ती गोळा करणारी मॉनिटर मी होते.

आपल्या वर्गात एक मुलगी होती, तिच्या आईचा मंडईत गाळा होता. तिने मला बजावलंय की नाव घ्यायचं नाही. तुम्ही ओळखालच, पण मागे वळून बघू नका. शेवटच्या दिवशी तिने वर्गणी आणली ती रुमालात बांधून. सगळी चिल्लर आणि एक-दोन रुपयांच्या मऊ पडलेल्या नोटा. रुमालाला कोथिंबिरीचा वास येत होता. मी तो रुमाल उघडला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हे कोण मोजत बसणार? नोटा आण." काही जण हसले. तिने रुमालाची गाठ पुन्हा मारली आणि ती जागेवर जाऊन बसली. त्याच दुपारी मी यादी सरांकडे दिली. यादीत ती नव्हती. सरांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "ती येत नाही म्हणतेय." सर, हे तुम्हाला आज तीस वर्षांनी पहिल्यांदा कळतंय.

सहलीनंतर बाईंनी सगळ्यांना निबंध लिहायला लावला, 'आमची मुंबईची सहल'. तिनेही लिहिला, आपल्या गप्पा ऐकून. त्यात तिने लिहिलं होतं की हँगिंग गार्डन ही झाडांना दोरखंडांनी टांगलेली बाग आहे आणि वारा आला की फुलांसकट हलते. वर्गात वाचन झालं तेव्हा आपण बाकं बडवून हसलो. मीही हसले.

मग दहावी झाली, आपण पांगलो. मी इंजिनिअरिंगला गेले, पुढे नोकरी, परदेश, परत पुणे, आता बाणेर. भाजी मोबाइलवरून मागवते. सप्टेंबर 2024 मध्ये मंडईचं मेट्रो स्टेशन सुरू झालं, तेव्हा नवं काहीतरी बघायचं म्हणून मी मुलीला घेऊन गेले. जिन्याने वर आलो तर समोर आपला तो अष्टकोनी मनोरा. मुलीला आतून मंडई दाखवायला गेले, आणि एका गाळ्यावरून हाक आली, "काय मॉनिटर, वाट चुकलीस?"

तीच होती. आईच्याच गाळ्यावर आले-मिरची-लिंबू घेऊन बसलेली. तीस वर्षांत तिने पहाटे चारला उठून गुलटेकडीहून माल आणायचं चुकवलं नाही. चहा मागवला, गप्पा झाल्या. मी बोलता बोलता विचारलं, "मुंबईला गेलीस की नाही कधी?" ती म्हणाली, "पुष्कळदा. आईला परळला न्यायचे ना औषधोपचाराला. स्टेशन ते दवाखाना, दवाखाना ते स्टेशन." मावशी आता नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

मी म्हटलं, "आपण दोघी जाऊ या. बघायला. सहलीला जातात तसं." तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "जानेवारीत मुलगा गाळ्यावर बसेल. वर्गणी किती?"

तर या जानेवारीत आम्ही सव्वासातच्या डेक्कन क्वीनने निघालो. ही गाडी 1930 पासून पुणेकरांना मुंबईला नेतेय, पण त्या डब्यात आम्ही दोघीच बहुधा कामाशिवाय निघालेल्या होतो. मी मनात ठरवलं होतं की कर्जतच्या आत माफी मागायची. कल्याण गेलं, दादर गेलं, तरी मी हवापाण्याबद्दलच बोलत होते.

स्टेशनातून बाहेर आल्यावर तिने पहिलं काम काय केलं असेल, तर रस्ता ओलांडून मागे वळून इमारत बघितली. आपण त्या स्टेशनात गाडी पकडायला धावतो, कोणी मान वर करत नाही. स्टीव्हन्स नावाच्या स्थापत्यकाराने ते बांधलं, 1878 ते 1888 अशी दहा वर्षं लागली. भिंतींवर मोर आहेत, माकडं आहेत, फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि एकीकडे वाघ. कोरीवकाम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केलेलं. ती एकेक प्राणी बोट दाखवून मोजत होती. येणारेजाणारे धक्के देत होते, तिला पर्वा नव्हती.

तिथून चालत दहा मिनिटांवर क्रॉफर्ड मार्केट. हे तिनेच ठरवलं होतं. "दुसऱ्याची दुकानदारी बघितल्याशिवाय मी परत येणार नाही," म्हणाली. आणि तिथे मला एक गोष्ट कळली, जी मी लहानपणापासून मंडईच्या शेजारच्या शाळेत शिकूनही कधी लक्षात घेतली नव्हती. या दोन बाजारांचं नाव एकच आहे. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटचं आजचं नाव महात्मा जोतिबा फुले मंडई आणि आपली महात्मा फुले मंडई. दोन्ही आधी इंग्रज अधिकाऱ्यांच्या नावाची. तिकडे महापालिकेचे पहिले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड, इकडे गव्हर्नर लॉर्ड रे. तिकडची इमारत 1869 ची, आपली 1886 ची. तिकडे प्रवेशद्वारावर शेतात राबणारी माणसं दगडात कोरली आहेत, आणि ती कोरणारा लॉकवुड किपलिंग म्हणजे लेखक रुडयार्ड किपलिंगचा बाप. ती शिल्पं बघून ही म्हणाली, "बघ, शेतकऱ्याला वर बसवलंय आणि खाली भाव पाडताहेत."

आत गेल्यावर मात्र ती पर्यटक राहिली नाही. फळांची चळत कशी लावलीय, उजेड कुठून येतो, कोणता गाळा मोक्याचा, सगळं तिने दोन मिनिटांत हेरलं. एका फळवाल्या काकांशी तिने असा भाव केला की त्यांनी हात जोडले आणि विचारलं, "ताई, तुमचा गाळा कुठे?" घाऊक फळबाजार वाशीला गेल्याचं ते सांगत होते. ही म्हणाली, "आमचापण गेला की गुलटेकडीला. इमारत राहिली, माल गेला." दोघांनी सुस्कारा सोडला. मला त्या दोघांच्या मध्ये उभं राहून आपण पाहुणे आहोत असं वाटलं.

मग गेटवे. मी माहिती सांगायला लागले, मॉनिटरची सवय जात नाही. 1911 साली पंचम जॉर्ज इथे उतरले, त्यांच्या स्मरणार्थ हे बांधलं, पण राजाने पाहिली ती पुठ्ठ्याची प्रतिकृती, खरं बांधकाम पुरं झालं 1924 मध्ये. ती पटकन म्हणाली, "म्हणजे पाहुणा येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी मांडव घातला!" पुढचं ऐकून मात्र ती खूश झाली. 28 फेब्रुवारी 1948 ला इंग्रजांच्या सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीतून परत गेली. "चला, जाताना तरी उपयोगी पडला," म्हणाली.

दुपारी टॅक्सीने मलबार हिल. हँगिंग गार्डन. फाटकातून आत शिरल्यावर ती थांबली. प्राण्यांच्या आकारात कापलेली झुडपं, हिरवळ, बाकं. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "टांगलीय कुठे?"

मी सांगितलं की या बागेच्या खाली पाण्याचा मोठा साठा आहे. आपण ज्या जमिनीवर उभ्या आहोत ती टाकीच्या छपरावरची माती आहे. म्हणून हँगिंग. ती वाकली, हिरवळीवर हात ठेवला. म्हणाली, "म्हणजे मी अगदीच चुकीचं लिहिलं नव्हतं. खाली जमीन नाहीच आहे."

तिथे मला बोलता आलं. मी म्हटलं, "त्या दिवशी मी तुझी चिल्लर परत केली. चुकलं माझं." मला वाटलं होतं, ती म्हणेल, अगं, मी केव्हाच विसरले. तसं ती म्हणाली नाही. म्हणाली, "आईने त्या रात्री शेजारच्या गाळ्यावरून नोटा करून आणल्या होत्या. सकाळी मी घेऊन आले, तर तू म्हणालीस, यादी गेली. आठवतं?"

मला आठवत नव्हतं. मी चिल्लर तेवढी लक्षात ठेवली आणि नोटा विसरले. माझ्या धंद्यात आम्ही रोज असे प्रोग्रॅम लिहितो, की माहिती ठरावीक साच्यात आली नाही तर परत पाठवायची आणि मुदत संपली की दार बंद. तिची रक्कम पूर्ण होती, तारीखही एकाच दिवसाने पुढे गेलेली. पण यादी एकदा दिली की संपलं, हे मी चौदाव्या वर्षीच शिकले होते, आणि त्याबद्दल हुशार म्हणवून घेतलं होतं.

"राग होता?" मी विचारलं.

"दहावीपर्यंत होता. मग रोजची चिल्लर मोजायला लागले, राग मोजायला वेळ राहिला नाही." थोडं थांबून म्हणाली, "आज छान दाखवलंस सगळं. पण एक सांगू? चौदाव्या वर्षी बघितली असती ती ही नाही. ती राहिली ती राहिली."

समोर म्हातारीचा बूट होता. त्यात शिरण्याइतक्या लहान आता आम्ही दोघीही नाही. बुटाच्या बागेतून खाली चौपाटी आणि मरीन ड्राइव्हचा सगळा वळसा दिसतो, तो बघत उभ्या राहिलो. मग स्टेशन. पाच-दहाची डेक्कन क्वीन. गाडीत तिने मला मागे उरलेली संत्री सोलून दिली.

मित्रहो, हे सगळं आज सांगायचं कारण आहे. आपल्या बॅचने शाळेसाठी निधी जमवलाय आणि ग्रुपवर ठराव आलाय की फाटकावर दगडी कमान बांधायची, तिच्यावर आपल्या बॅचचं वर्ष कोरायचं. मी त्याला 'हो' असा अंगठा दाखवला होता. आज तो मागे घेते.

जोतिराव फुले पुण्याच्या नगरपालिकेत होते तेव्हा मंडईच्या इमारतीवर एवढा पैसा घालायला त्यांनी विरोध केला होता. हा पैसा शिक्षणाकडे वळवा, असं त्यांचं म्हणणं. ते हरले, इमारत झाली, आणि पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिला त्यांचंच नाव मिळालं. परतीच्या गाडीत मी हे सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "बरोबरच बोलले. पण एक आहे. आधी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढे उघड्यावर भरायचा. छप्पर झालं म्हणून आम्ही तीन पिढ्या पावसात भिजलो नाही." तिचंही खरं. मंडईच्या छपराखाली माणसं बसतात, पोट भरतात. आपल्या कमानीखाली कोण बसणार आहे?

कमानी मी बघून आले. एक मोठी समुद्राकाठी आहे, ती सगळ्यांना पुरेल.

माझी सूचना अशी. हा निधी बँकेत ठेवू या आणि त्याच्या व्याजातून दरवर्षी ज्या मुलांची सहलीची वर्गणी भरायची राहिली असेल ती भरू या. कोणाची भरली हे वर्गात कळू नये. मॉनिटरला तर मुळीच कळू नये. आणि शेवटच्या दिवसानंतर एक दिवस यादी उघडी ठेवावी, ही विनंती मी आजच्या मुख्याध्यापकांना हात जोडून करते.

ज्यांना ठराव मान्य असेल त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे या. यादी करायला मी बसले आहे, आणि माझ्या शेजारी पैसे मोजायला तीही बसणार आहे.

चिल्लर चालेल.