थांबलेला माग

राज्यभरातून आणि शेजारच्या विजयपूर-कलबुर्गीहून आलेले माझे व्यवसायबंधू आणि भगिनी, आणि मागच्या रांगांत बसलेले, ज्यांना अजून पहिलं काम मिळायचं आहे असे तरुण मित्रहो,

स्वागत समितीच्या वतीने मी आपलं सोलापुरात मनापासून स्वागत करतो. गड्ड्याची यात्रा नुकतीच आटोपली आहे. सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा करून विसावले आहेत आणि होम मैदानावरच्या पाळण्यांचे सांगाडे अजून उतरवून व्हायचे आहेत. सकाळी स्टेशनहून येताना आपल्यापैकी काहींनी चार पुतळ्याच्या चौकात रिक्षा थांबवली, असं कानावर आलं. बरं वाटलं. हे पुतळे ज्या हुतात्म्यांचे, त्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं गेलं. सोलापुरात कुठलंही काम मांडायचं तर आधी या चौघांपुढे मान लवते.

नेटवर्किंग आणि संगणक-देखभालीच्या लोकांचं संमेलन सोलापुरात कशाला, असं मला दोघा-तिघांनी फोनवर विचारलं. त्यांचं म्हणणं असं की पुणं आहे, हैदराबाद आहे, कंपन्या तिथे आहेत. त्याचं उत्तर माझ्या घरात आहे, म्हणून थोडं घरचं सांगतो.

माझे वडील यंत्रमाग कारखान्यात जॉबर होते. बाहेरगावच्या मंडळींसाठी सांगतो, जॉबर कापड विणत नाही. विणकर विणतो, जॉबर माग चालता ठेवतो. धोटा अडला, फणी सरकली, बाण्याचा धागा वारंवार तुटायला लागला, की हाक जाते ती जॉबरला. वडील शेडच्या दारात उभे राहून नुसत्या आवाजावरून सांगत, तिसऱ्या रांगेतला पाचवा माग बिघडतोय. माग चालू असला की त्यांची कुणाला आठवण नसे, आणि थांबला की विणकर, मुकादम, मालक सगळे त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत उभे. विणकराची मजुरी कापडावर असते. माग थांबलेला एकेक तास त्याच्या घरच्या पिठातून जातो, हे वडिलांना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे ते कधी चिडत नसत, पण जेवायलाही बसत नसत.

चादरीच्या मागावर जेकार्ड असतं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ वर फिरत राहते. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, आणि चादरीवर मोर उमटतो. ल्योंच्या जोसेफ मारी जाकार यांनी १८०४ च्या सुमारास हे यंत्र घडवलं. पुढे चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणकयंत्रासाठी हीच पट्ट्यांची कल्पना उचलली. भोक आहे किंवा नाही, एक किंवा शून्य. सोलापूरच्या विणकराला ही भाषा संगणक गावात यायच्या कितीतरी आधीपासून वाचता येत होती. मग संमेलन इथे का, हे मी आणखी काय सांगू?

मी स्वतः आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकलो. १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं, ते आम्ही पेपरात वाचलं आणि विसरलो. आयटीआय संपल्यावर दीड वर्ष मी घरी बसून होतो. अर्ज पाठवायचो, उत्तर यायचं नाही. सकाळी उठावंसं वाटायचं नाही. हे आज मुद्दाम सांगतोय, कारण मागच्या रांगांतले काही चेहरे मला तसेच दिसताहेत. मग ओळखीतून एका संगणक दुरुस्तीच्या दुकानात उचल-ठेव करायला लागलो. त्या कामाचीही मला आवड नव्हती.

१९९८ सालची गोष्ट. एका पतसंस्थेत आठ संगणक एकाच काळ्या कोॲक्सियल केबलवर ओवलेले होते. त्या पद्धतीत १८५ मीटरपर्यंत एक सलग तार जायची आणि दोन्ही टोकांना पन्नास ओहमचे टर्मिनेटर लागायचे. मधला एक जोड सुटला की आठही संगणक मुके. महिनाअखेर होती, बाहेर ठेवीदारांची रांग, आणि दुकानाचे मालक परगावी. मी एकटाच गेलो. हातात मल्टिमीटर होता आणि मालकांनी कधीतरी सांगितलेली एक युक्ती डोक्यात होती. मधल्या जोडावर मोजायचं. २५ ओहम दिसले तर तार धड आहे, कारण दोन्ही टोकांचे टर्मिनेटर मिळून तेवढेच होतात. ५० दिसले तर एक बाजू तुटली आहे. मला ५० दिसले. मग उरलेल्याचा अर्धा भाग, त्याचा पुन्हा अर्धा. कपाटामागचा एक टी-जोड झाडताना ओढला गेला होता. तो बसवला आणि काउंटरवरच्या बाईंनी नुसतं म्हटलं, "आलं!" रांग पुढे सरकली.

रात्री घरी सांगितलं. वडिलांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "माग चालू झाला ना?"

त्या दिवसापासून मला सकाळी उठावंसं वाटू लागलं. आधी आवड लागली आणि मग काम जमलं, असं माझ्या बाबतीत झालं नाही. एक बंद गोष्ट माझ्या हाताने चालू झाली, समोरच्या माणसाचं अडलेलं सुटलं, आणि त्यातून आवड आली. म्हणून "मुलांमध्ये उमेदच नाही" असं कुणी म्हणालं की मी त्यांना विचारतो, त्या मुलाच्या हातून आजवर काय चालू झालंय? तुम्ही त्याला काय चालू करू दिलंत?

कामाची वाण आहे का? बिलकूल नाही. ज्याला आपण आयटी म्हणतो ते काचेच्या इमारतीतच असतं, हा समज मात्र आहे. एप्रिल २०१८ पासून पन्नास हजारांवरचा माल परराज्यात पाठवायचा तर ई-वे बिल लागतं. इथल्या टॉवेल-व्यापाऱ्याचं नेट गेलं की टेम्पो दारात उभा राहतो. रुग्णालयात सीटी स्कॅनची चित्रं तारेवरूनच डॉक्टरांच्या टेबलावर येतात. रेशन दुकानातलं अंगठ्याचं यंत्र, ग्रामपंचायतीपर्यंत गेलेली फायबर, तिचे जोड सांधणारा स्प्लायसर, शाळेतले कॅमेरे, बाजार समितीची पावती, हे सगळं कुणीतरी चालतं ठेवावं लागतं.

आणि ऊस. गळीत हंगामात एका कारखान्याच्या काट्यावरचं जाळं रात्री दोन वाजता बसलं. थंडी मी म्हणत होती. बैलगाड्या आणि ट्रॅक्टर फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत लागलेले, बैल जुंपलेलेच, गाडीवान शेकोटीशी. तोडलेला ऊस उभा राहिला की वजन घटतं, उतारा घटतो, म्हणजे नुकसान शेतकऱ्याचं आणि कारखान्याचंही. आम्ही दोघं गेलो. स्विचवरचे सगळे दिवे एकदम, वेड्यासारखे लुकलुकत होते. ते पाहिलं की आपल्यातला कुणीही ओळखेल. टेबलाखाली लोंबणारी तार कुणीतरी नीटनेटकेपणाच्या भावनेने उचलून त्याच स्विचच्या रिकाम्या भोकात खोचली होती. दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये, आणि एकच निरोप गोल गोल फिरून सगळी वाट बुजवून बसलेला. तार उपसली, काटा सुरू झाला. असा फेरा आपोआप तोडणारी रीत रेडिया पर्लमन या बाईंनी १९८५ मध्येच शोधून ठेवली आहे. ती ज्यात आहे असा स्विच थोडा महाग पडतो, म्हणून तिथे साधा बसवला होता. पहाटे चारला एका गाडीवानाने आम्हाला चहा दिला. आम्ही काय केलं हे त्याला कळलं नव्हतं. गाडी हलली, एवढं त्याला दिसलं होतं.

आता एक दुखरी गोष्ट. पहिल्या नोकरीच्या जाहिरातीत दोन वर्षांचा अनुभव मागतात. अनुभव द्यायला कुणी तयार नाही, मागायला सगळे. प्रमाणपत्रांचं म्हणाल, तर सीसीएनएसारख्या परीक्षेची फी डॉलरमध्ये असते, रुपयांत पंचवीस हजारांच्या घरात जाते, आणि तीन वर्षांनी प्रमाणपत्र नव्याने मिळवावं लागतं. शिकायला अडचण नाही. पॅकेट ट्रेसरसारखं सॉफ्टवेअर फुकट आहे, वायरशार्क फुकट आहे, भंगार बाजारातला जुना स्विच काही शे रुपयांत मिळतो. पैसे लागतात ते "मला येतं" हे कागदावर सिद्ध करायला. आणि काम मिळालं तरी ते ठेकेदाराकडून, अकरा महिन्यांचं. माझा स्वतःचा चार महिन्यांचा पगार एका ठेकेदाराने बुडवला होता. पैशांपेक्षा एक वाक्य जास्त लागलं होतं: "तू काय, वायर ओढणाराच ना?"

वायर ओढणारे म्हणजे काय, ते १९ जुलै २०२४ रोजी जगाला कळलं. एका सुरक्षा-प्रणालीची सदोष सुधारणा पोचली आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहून बोर्डिंग पास दिले गेले. दुरून दुरुस्ती करता येईना, कारण संगणक उघडतच नव्हते. बहुतेक ठिकाणी शेवटी माणूस त्या-त्या यंत्रापाशी गेला, सेफ मोडमध्ये शिरला, ती सदोष फाइल पुसली आणि पुढच्या यंत्राकडे वळला. यंत्रामागून यंत्र, दिवस-रात्र. आज पासवर्ड बदलून देण्यासारखी पहिल्या पायरीची तिकिटं चॅटबॉट सोडवू लागले आहेत आणि त्यामुळे मुलं घाबरली आहेत. त्यांची भीती खोटी नाही, ती कामं कमी होणारच. पण उंदराने कुरतडलेली तार कपाटामागून शोधायला माणूसच जावा लागतो, आणि मे महिन्यात पत्र्याच्या पेटीत भाजणारा स्विच सावलीत हलवायला हवा, हे तिथे उभं राहिल्याशिवाय सुचत नाही.

या सभागृहात लहान-मोठ्या व्यवसायांचे मालक बसले आहेत. माझं त्यांच्याकडे एक मागणं आहे, आणि ते मी स्वागताच्या भाषणातच मांडतोय, कारण जेवणानंतर ते हरवेल. आपण प्रत्येकाने या वर्षी एक शिकाऊ मुलगा किंवा मुलगी घ्यावी. फुकट नाही, पगार देऊन. महिनाभर नुसती पिशवी उचलायला लावू नका. पहिल्या आठवड्यात त्याच्या हातून एक तार क्रिम्प होऊ दे, टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागलेले त्याला बघू दे. दुसऱ्या महिन्यात एका ग्राहकाकडे त्याला एकटा पाठवा आणि फोन जवळ ठेवून बसा. तो चुकेल. मीही एका दवाखान्यात चुकीची तार उपसून अर्धा तास गोंधळ घातला आहे आणि माझे मालक ग्राहकासमोर मला एक शब्द बोलले नाहीत. मुलींना शिडीवर चढू द्या. त्यांच्या घरच्यांना भेटायला जावं लागलं तर जा, मी तीन घरांत गेलो आहे.

आता व्यवस्थेचं थोडं. दुपारच्या जेवणात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आहे. तिखट सोसत नसेल त्यांनी दही आधीच मागून घ्यावं. मुक्कामाच्या खोल्यांच्या चाव्या दारापाशी मिळतील.

या सभागृहातलं आजचं जाळं अकरा जणांनी उभारलं आहे. सगळे शिकाऊ आहेत, त्यांत चार मुली आहेत, आणि हे त्यांचं पहिलं मोठं काम. काल रात्री दीड वाजेपर्यंत ते छताखाली तारा ओढत होते आणि प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना त्यांनी नंबर लावला आहे. आपल्या फोनवर नेट अडलं तर कृपया स्वतः उठून सेटिंगशी खेळू नका, आणि मलाही सांगू नका. डाव्या दारापाशी टेबल मांडून ते बसले आहेत. त्यांना हाक मारा.