कधीही न चुकणारा गृहस्थ



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर वेदान्तापासून अवकाशयानापर्यंत अनेक भारदस्त विषय येऊन गेलेले आहेत. तेव्हा रहस्यकथांची टर उडविणाऱ्या विनोदी चित्रपटांवर बोलायला आम्ही उभे राहिलो, याबद्दल काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. त्यांची आम्ही क्षमा मागतो. मात्र विषय बदलत नाही.

आरंभ एका अर्ध्या मिनिटाच्या चित्राने करू. 1900 साली न्यूयॉर्कमध्ये एक लहानशी चित्रफीत तयार झाली. नाणे टाकायचे, दांडा फिरवायचा आणि खोक्याला डोळा लावून एकट्यानेच पाहायचे, अशा यंत्रासाठी ती केलेली होती. शेरलॉक होम्स आपल्या दिवाणखान्यात येतो, तो समोर चोर! होम्स त्याला धरायला जातो, तो चोर अदृश्य होतो. पुन्हा प्रकटतो, पुन्हा नाहीसा होतो. शेवटी होम्सच्या हाती चोरीच्या मालाची पिशवी लागते. तीही हातातल्या हातात गडप होऊन चोराकडे जाते आणि चोर खिडकीवाटे पसार होतो. होम्स थक्क होऊन उभाच. पडद्यावरचा ज्ञात असलेला पहिला होम्स तो हा! म्हणजे या थोर हेराने चित्रपटसृष्टीत पहिले पाऊल टाकले ते फजिती करून घेण्यासाठी.

छापील पानांवरही काही निराळे घडले नव्हते. होम्सच्या लघुकथा ‘स्ट्रँड’ मासिकात 1891 च्या जुलैत सुरू झाल्या, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जे. एम. बॅरी यांनी त्याचे पहिले विडंबन निनावी छापून टाकले. हे बॅरी कॉनन डॉइल यांचे मित्र. पुढे तर खुद्द डॉइल यांनीच आपल्या मानसपुत्राची थट्टा दोनदा लिहिली. केशवकुमारांच्या ‘झेंडूच्या फुलां’वर वाढलेल्या आपल्या लोकांना याचे नवल वाटू नये. जे काव्य कोणी वाचतच नाही त्याचे विडंबन करून कोण हसणार? पण कविता मान्यता पावल्यावर विडंबनकार उगवतो, हा नेहमीचा क्रम. येथे मात्र मूर्ती आणि मूर्तिभंजक हातात हात घालूनच आले. असे का व्हावे?

आम्हास वाटते, याचे कारण त्या हेराच्या स्वभावात आहे. हा गृहस्थ कधीही चुकत नाही. दारातून माणूस आत आला की त्याच्या बुटावरचा चिखल, बाहीवरची झीज आणि बोटावरचा डाग पाहून तो त्याचा जन्मपरिचय सांगतो, आणि तो माणूस ‘अगदी बरोबर!’ म्हणून मोकळा होतो. ‘छे हो, हा कोट माझ्या मेहुण्याचा’ असे म्हणणारा एकही अशील त्याला कसा भेटत नाही? न चुकणारी माणसे आपल्या परिचयाची आहेत. कचेरीत एक असतो, आळीत एक असतो. घरातही एखादा असतो, त्याचे नाव आम्ही घेत नाही. ती माणसे घसरून पडावीत अशी इच्छा आपण सभ्यपणाने मनात दाबून ठेवतो. हे चित्रपट ती पुरी करतात.

रहस्यकथेचे नियमही या न चुकण्याच्या सोयीसाठीच जणू रचलेले. रोनल्ड नॉक्स नावाच्या एका इंग्रज कॅथलिक धर्मोपदेशकाने 1929 साली रहस्यकथेसाठी दहा आज्ञा लिहिल्या. भुताखेतांना मज्जाव, एकाहून अधिक चोरवाटा नकोत, कोणाला ठाऊक नसलेले विष वापरायचे नाही, आणि हेराला सापडलेला धागा वाचकालाही दाखवायचा. हेराच्या बावळट मित्राची बुद्धी सामान्य वाचकापेक्षा किंचित कमी असावी, असाही त्यात दंडक आहे. आज्ञा अर्ध्याअधिक थट्टेच्याच. पण त्यांतून पक्का करार दिसतो. जगात गोंधळ दिसतो तो वरवरचा. शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना दिवाणखान्यात बसवले की एक बोट एका माणसाकडे वळेल आणि बाकीचे निर्दोष ठरून जेवायला जातील, असा तो करार. केवढा दिलासा आहे हा! पहिले महायुद्ध संपलेल्या इंग्लंडात अशा कथांचा पूर आला, हे उगीच नव्हे.

या कराराला सर्वांत मार्मिक चिमटा काढला तो एका मूकपटाने. 1924 सालचा बस्टर कीटनचा ‘शेरलॉक ज्युनिअर’. लांबी जेमतेम पाऊण तासाची. नायक एका लहान गावातल्या चित्रपटगृहात प्रोजेक्टर चालवितो, झाडूही तोच मारतो, आणि उरल्या वेळात ‘हेर कसे व्हावे’ असले पुस्तक वाचतो. त्याचे एका मुलीवर प्रेम आहे. खिशात पैसे बेताचे, म्हणून तो तिच्यासाठी एक डॉलरचा चॉकलेटचा डबा घेतो आणि त्यावरच्या 1 चा हळूच 4 करतो. तिकडे त्याचा प्रतिस्पर्धी मुलीच्या वडिलांचे घड्याळ चोरून चार डॉलरला गहाण टाकतो आणि पावती नायकाच्या खिशात सरकवून देतो.

आता पाहा. घड्याळ हरवल्याचा बोभाटा होताच आमचा नायक पुस्तक उघडतो. प्रत्येकाची झडती घ्या, असा पुस्तकाचा आदेश. झडती होते, आणि पावती निघते ती त्याच्याच खिशातून! पावती चार डॉलरची, डब्यावर किंमत चार डॉलर. पुरावा इतका चपखल की होम्सनेही मान डोलावली असती. आणि निष्कर्ष साफ खोटा. एका गरीब मुलाने संकोचापोटी केलेली एका आकड्याची लबाडी त्याच्या गळ्याचा फास झाली. आम्ही हे दृश्य पाहताना हसलो खरे, पण हसता हसता थोडे चपापलो. बाहीवरून माणूस ओळखणाऱ्यांच्या हाती जग दिले, तर किती जणांच्या खिशातून अशा पावत्या निघतील!

घराबाहेर काढलेला नायक चित्रपटगृहात परततो, यंत्राशेजारी त्याला झोप लागते, आणि स्वप्नात तो चालू असलेल्या चित्रपटात शिरतो. तेथे तो जगातला सर्वश्रेष्ठ हेर. त्याचा काटा काढण्यासाठी बिलियर्डच्या तेरा नंबरच्या चेंडूत स्फोटक भरून ठेवलेले असते. हा पठ्ठ्या त्या चेंडूला स्पर्श न होऊ देता बाकीचे सारे चेंडू खिशांत घालतो. त्या स्वप्नातल्या करामतींविषयी बोलू लागलो तर अध्यक्षमहाराजांना घंटा वाजवावी लागेल. आम्हास वेगळीच गोष्ट दाखवायची आहे. हा स्वप्नात पराक्रम गाजवीत असताना जागेपणी रहस्य केव्हाच उलगडलेले असते. ती मुलगी उठते, गहाणवटीच्या दुकानात जाते आणि घड्याळ कोणी आणून दिले, एवढेच विचारते. भिंग नाही, खोट्या मिशा नाहीत. सारे मिळून दोन मिनिटांचे काम.

याच्या अगदी उलट प्रकार चाळीस वर्षांनी आला. ब्लेक एडवर्ड्सच्या 1964 सालच्या ‘अ शॉट इन द डार्क’मध्ये पीटर सेलर्सचा इन्स्पेक्टर क्लूझो आहे. खून होतात आणि दर वेळी सारा पुरावा एका मोलकरणीविरुद्ध जातो. क्लूझोचे तिच्यावर मन बसले आहे, म्हणून ती निरपराध, हा त्याचा सिद्धान्त. शेवटी तो शास्त्रोक्त पद्धतीने सर्वांना दिवाणखान्यात जमवितो, स्वतः धडपडतो, आणि कळते ते असे की मोलकरीण तेवढी निर्दोष. बाकी साऱ्या प्रतिष्ठितांचे हात रंगलेले. कीटनच्या गोष्टीत तर्क बिनचूक आणि उत्तर चूक. येथे तर्काचा पत्ता नाही आणि उत्तर बरोबर.

नील सायमन यांनी लिहिलेल्या ‘मर्डर बाय डेथ’विषयी (1976) थोडक्यात सांगतो, कारण त्याची कीर्ती आम्हास किंचित अधिक वाटते. जगातले नामवंत हेर एका विक्षिप्त धनिकाच्या वाड्यावर येतात. बटलर आंधळा, स्वयंपाकीण मुकी-बहिरी, त्यामुळे दोघांची जी गाठ पडते ती पाहण्याजोगी आहे. शेवटी तो धनिक हेरांची हजेरी घेतो: तुम्ही धागे लपविलेत, अखेरच्या पानांत नवीन पात्रे आणलीत, वाचकांना बनविलेत! हा आरोप पटतो. पण पीटर सेलर्सने तोंड रंगवून केलेला चिनी हेर आज पाहवत नाही. ज्या साच्याची थट्टा करायची तोच साचा तेथे आयता वापरला आहे. विडंबनकारही न चुकणारा नसतो, हे त्या सोंगावरून कळते.

मात्र 1985 सालच्या ‘क्लू’पाशी थोडे थांबले पाहिजे. मुळात हा पटावरचा खेळ; अँथनी प्रॅट या इंग्रज गृहस्थाने शोधलेला आणि 1949 साली बाजारात आलेला. त्यावरचा चित्रपट जोनाथन लिन यांनी केला, म्हणजे ‘येस मिनिस्टर’च्या दोघा लेखकांपैकी एक. काळ 1954 चा, अमेरिकेत मॅकार्थींच्या चौकशा चालू असतानाचा. शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने पाहत होता तो काळ. ब्लॅकमेलमुळे गांजलेले सहा जण एका बंगल्यावर जमतात आणि प्रेते पडू लागतात. त्या चित्रपटाला तीन शेवट होते. एका चित्रपटगृहात एक शेवट, दुसऱ्यात दुसरा. लोक पुन्हा पुन्हा तिकीट काढतील, असा निर्मात्यांचा होरा होता. लोकांनी एकदाही धड काढले नाही. पुढे तिन्ही शेवट एकापाठोपाठ जोडून तो घरोघरच्या पडद्यावर आला, आणि तेव्हापासून लोक तो पाठ म्हणतात.

असे का झाले, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. एकेकटा शेवट पाहणाऱ्याला ती सामान्य रहस्यकथाच वाटली असणार. तिन्ही एकत्र पाहिले की खरी गंमत उघड होते: तीन निरनिराळी उत्तरे, आणि बटलर प्रत्येक वेळी तितक्याच आत्मविश्वासाने, साऱ्या घरभर धावत, घडलेली रात्र करून दाखवीत सिद्ध करतो. तिन्ही उत्तरे जुळतात! मग ज्या उत्तरावर आपण टाळी वाजविली, ते खरे म्हणून वाजविली की नुसते ठासून सांगितले म्हणून?

रहस्यकथेचे एक दुखणे आहे. लहानपणी आम्ही वाचनालयातून बाबुराव अर्नाळकरांचे पुस्तक आणावे, तर कोणा पुण्यवंताने दहाव्या पानावरच पेन्सिलीने खुन्याच्या नावाखाली रेघ मारलेली असे. झाले, पुस्तक संपले! ‘द माउसट्रॅप’ हे नाटक लंडनला 1952 साली सुरू झाले, तेव्हापासून प्रेक्षकांना गुपित फोडू नका म्हणून विनविले जाते, ते याच भीतीने. विडंबनाला ही धास्ती नाही. ‘क्लू’मधला खुनी कोण ते आम्ही आत्ताच सांगून टाकले तरी तुमचे काही बुडणार नाही. आपण तेथे उत्तरासाठी जातच नाही. उत्तर देणाऱ्याचा रुबाब पाहायला जातो.

ही परंपरा अद्याप आटलेली नाही. 2022 सालच्या ‘ग्लास अनियन’मध्ये एक धनाढ्य गृहस्थ पाहुण्यांसाठी लुटुपुटीच्या खुनाचा खेळ मांडतो, आणि हेर बेन्वा ब्लाँक तो सुरू व्हायच्या आतच जेवणाच्या टेबलावर सोडवून मोकळा होतो. यजमानाचा चेहरा असा उतरतो की पुसता सोय नाही. पुढे खऱ्या खुनाचा उलगडा होतो तेव्हा ब्लाँक चिडतो तो एवढ्याचसाठी, की गुन्हेगार हुशार नसून निव्वळ मूर्ख निघाला.

कीटनच्या चित्रपटाचा शेवट सांगायचा राहिला. मुलगी प्रोजेक्टरच्या खोलीत येते, चूक आमच्याकडून झाली म्हणते. हा जागा होतो, पण आता पुढे काय करावे हे त्याला कळेना. पुस्तक हाताशी नाही, म्हणून तो खिडकीतून पडद्याकडे पाहतो. पडद्यावरचा नायक नायिकेचे हात हाती घेतो, हाही घेतो. तो बोटात अंगठी घालतो, हाही घालतो. तो चुंबन घेतो. हाही घाबरत घाबरत उरकतो. तेवढ्यात पडद्यावरचे दृश्य बदलते, आणि त्या नायकाच्या मांडीवर एकदम दोन बाळे! मधला धागा काही त्याला दाखविलेला नसतो. बिचारा डोके खाजवीत उभा राहतो, आणि तेथेच चित्रपट संपतो.