अर्ज छापण्याआधी अर्जदाराला विचारा



सरकारी अर्ज भरताना माणूस अडखळला की आपण त्याच्या शिक्षणाला दोष देतो. दोष बहुधा अर्जाचा असतो. अमेरिकेतील मिशिगन राज्यात अन्न व आरोग्य साहाय्यासाठी ४२ पानी अर्ज होता, प्रश्न हजारावर! मूल पोटात कोणत्या तारखेला राहिले, हेही त्यात विचारलेले. डेट्रॉईटच्या 'सिव्हिला' संस्थेने अर्जदारांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या शेजारी बसून माणूस कुठे अडतो ते पाहिले. नियम तपासून आवश्यक तेवढेच प्रश्न ठेवले, नवा मसुदा लोकांकडून भरून घेतला. २०१८ मध्ये राज्यभर लागू झालेला अर्ज सुमारे ८० टक्क्यांनी लहान झाला.

अर्ज मराठीत मिळावेत, ही सीमाभागातील आपली जुनी मागणी आहे. ती सोडायची नाही. पण निरर्थक प्रश्नाचे भाषांतर केले तरी तो निरर्थकच राहतो. म्हणून यंदा मंडळाने एकच अर्ज निवडावा. दहा जणांना तो भरताना पाहावे, अडलेल्या जागांची यादी करावी आणि ती निवेदनासोबत कचेरीत द्यावी. नुसत्या तक्रारीपेक्षा अशी यादी नाकारणे साहेबांना जड जाईल.