विसावा शेवटच्या माणसापासून मोजावा



सह्याद्रीच्या वाटांवर माणसांना सोबत घेऊन जाणाऱ्या मार्गदर्शकांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, त्याबद्दल मी तुमची मनापासून ऋणी आहे. अध्यक्षाने व्यवसायाच्या सगळ्याच प्रश्नांना स्पर्श करावा, असा प्रघात आहे. मी आज एकच प्रश्न घेणार आहे. गटाने कोणत्या वेगाने चालायचे आणि तो वेग कोणावरून ठरवायचा? आपल्या कामातली सुरक्षितता आणि आनंद या दोन्ही गोष्टी याच प्रश्नावर अवलंबून आहेत, असे मला वाटते.

तीस जणांचा गट गुंजवण्यातून राजगडाकडे निघाला आहे असे समजा. पुढचे दहा जण चढ संपताच झाडाखाली बसतात, पाणी पितात, फोटो काढतात. वीस मिनिटांनी शेवटची बाई धापा टाकत पोचते. ती दिसताच ‘आले सगळे, चला’ म्हणून पुढचे उठतात. ज्यांना विश्रांतीची गरज सर्वांत कमी, त्यांना वीस मिनिटे मिळाली. जिला सर्वांत जास्त, तिला एकही मिनिट मिळाले नाही. पुढच्या टप्प्यावर हेच होते, त्याच्या पुढच्याही टप्प्यावर हेच. चोर दरवाजाखालच्या उभ्या चढाला हात घालायची वेळ येते तेव्हा तिचे पाय थरथरत असतात. आपण म्हणतो, तिची तयारी कमी पडली. पण तिची ताकद आपल्या थांबण्याच्या पद्धतीनेच संपवलेली असते.

म्हणून माझे पहिले आणि मुख्य सांगणे असे: विसावा शेवटचा माणूस बसल्यापासून मोजायचा. त्याने पाणी प्यायले, श्वास जागेवर आला, बुटाची नाडी बांधून झाली की मग गट उठेल. आघाडीच्या मार्गदर्शकाने पिछाडीच्या मार्गदर्शकाला विचारल्याशिवाय पाऊल उचलायचे नाही.

हा विचार आपल्या मातीला नवा नाही. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला हैबतबाबा आरफळकरांनी जी शिस्त घालून दिली, ती आपण मार्गदर्शक म्हणून पाहायला हवी. प्रत्येक दिंडीचा क्रम ठरलेला, विसाव्याची ठिकाणे ठरलेली. पुण्याहून सासवडला जाताना वाटेत दिवे घाट चढायचा असतो. हा लांबचा टप्पा म्हातारी माणसेही पार करतात, कारण चाल भजनाच्या ठेक्यावर बांधलेली असते. आणि मुक्कामावरच्या समाजआरतीची ती रीत आठवा. चोपदारांनी दंड उंचावला की हजारो टाळ एकदम शांत होतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात. एवढ्या मोठ्या समुदायात अडचणीत असलेल्याला आवाज देण्याची सोय आहे. आपल्या तीस जणांच्या गटात ती आहे का?

बहुतेक ठिकाणी नाही. दमलेला माणूस बोलत नाही, त्याला लाज वाटते. बायकांची अडचण तर आणखी वेगळी. वाटेत आडोसा मिळेल की नाही, या काळजीने कित्येकजणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग दुपारच्या उन्हात पायात गोळे येतात, चक्कर येते आणि चाल मंदावते. त्यांनी मागण्याची वाट न पाहता, आडोसा असेल तिथे ‘पुरुषमंडळी पुढच्या वळणावर थांबतील’ असे आपणच सांगायला हवे. एवढ्या एका वाक्याने दिवसभराची चाल सुधारते.

आता वेळेचा हिशेब. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा ठोकताळा मांडला. त्याचे आजचे रूप असे: सपाटीवर दर ५ किलोमीटरला एक तास आणि चढाईच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. पण हा हिशेब न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा आहे. गटाला अडवतात त्या अरुंद जागा. हरिहर गडाच्या कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येतात. दोर लावून पार करायच्या एखाद्या कातळटप्प्यावर माणशी दोन मिनिटे धरली, तरी तीस जणांना एक तास लागतो. परतताना पुन्हा तेवढाच. हे दोन तास वेळापत्रकात धरलेले नसतील, तर ते अंधारातून वसूल होतात. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि थकल्या गुडघ्यांनी घसाऱ्यावरून उतरणे चढण्याहून धोक्याचे असते. म्हणून माघारी वळण्याची वेळ सकाळी पायथ्यालाच, सगळ्यांसमोर जाहीर करा. माथा जवळ असला तरी ती पाळा.

वेग सांभाळायचे आणखी एक साधन आपल्या हाती आहे, ते म्हणजे आपले बोलणे. रायगडावर चित दरवाजाकडून पायऱ्या चढून आलेला गट महादरवाजाशी पोचतो तेव्हा त्याला थांबायचेच असते. तिथे बुरुजांच्या सावलीत बसवून हिरोजी इंदुलकरांच्या बांधणीबद्दल सांगावे. दोन बुरुजांच्या आड वळणात दडलेल्या दरवाजाने शत्रूची धाव कशी मोडायची, ते दाखवावे. ऐकणाऱ्याला इतिहास कळतो आणि मागून येणाऱ्याला वेळ मिळतो. पण शेवटचा माणूस आल्यावरच गोष्ट सुरू करा. अर्धी गोष्ट झाल्यावर पोचणाऱ्याला आपण मागे पडल्याची जाणीव दुसऱ्यांदा करून देऊ नका.

हळू चालणाऱ्यांना सगळ्यांदेखत ‘पुढे या’ म्हणू नये. निघतानाच त्यांना आघाडीच्या मार्गदर्शकामागे जागा द्यावी. मग गट आपोआप त्यांच्या चालीने चालतो. वेगवान मंडळींवरही अन्याय नको. त्यांना कामे द्या. पिछाडीला मदत, दोराची पिशवी, टाक्यावरून पाणी भरून आणणे. ज्याला जबाबदारी मिळते, त्याला थांबणे जड जात नाही. आणि पहिला अर्धा तास सगळ्यांनीच मुद्दाम हळू चालावे. बोलता बोलता चालता येईल, इतकाच वेग असावा.

मित्रहो, हे सगळे आपल्याला ठाऊक आहे, तरी घडत नाही. याचे कारण आपल्या धंद्यात आहे. एका फेरीत दोन बस, एका दिवसात दोन किल्ले, आणि जाहिरातीत प्रत्येक वाट ‘सोपी’. गर्दी वाढवून दर उतरवायचे आणि मग घाईने चालवून वेळ भरून काढायचा, हा व्यवहार थांबायला हवा. कोणता गड किती जणांसाठी आणि किती मार्गदर्शकांनी न्यायचा, हे आपण एकत्र बसून ठरवू. पिछाडीवर सर्वांत नवख्या पोराला उभे करण्याची सवय मोडू. तिथे सर्वांत अनुभवी माणूस हवा, कारण निर्णयाची वेळ तिथेच येते. आणि पायथ्याच्या गावातून आलेल्या वाटाड्याचा शब्द पावसाच्या दिवशी अंतिम मानू. ओढ्याला पाणी कधी चढते, हे त्याला आपल्यापेक्षा चांगले कळते.

डोंगरात पहिल्यांदा आलेला माणूस पुन्हा येईल की नाही, हे बऱ्याचदा त्याला किती सन्मानाने चालवले गेले, यावर ठरते. आपण जर शेवटच्या माणसाची चाल हीच गटाची चाल मानली, तर मुले, आजी-आजोबा, कधीच न चाललेली माणसे, सगळ्यांना सह्याद्री मोकळा होईल. या संमेलनातून परतताना एवढा एक ठराव आपण बरोबर नेऊ, आणि येत्या रविवारच्या फेरीपासूनच तो अमलात आणू.